पोरं सांभाळायला मुंबईला जाणारी बाई ‘हावरट’ का?

वाळपईची: काल इथे एकाने लिहिलं की गोव्यातल्या बायका आपली पोरं म्हाताऱ्या आईच्या गळ्यात घालतात आणि मुंबईला श्रीमंतांची पोरं खेळवायला पळतात, सगळी पैशाची हाव. दोनशे लाईक! रात्रभर डोकं भणभणत होतं म्हणून लिहिते, लांब होईल, कंटाळा येत असेल त्यांनी वाचू नका.

मी गेलेली. पाच वर्षं पवईत, एकाच घरात, राहून. २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा खाणीचा माल वाहणारा घरवाल्याचा ट्रक अंगणात उभा आणि बँकेचा हप्ता मात्र चालू. सत्तरी-डिचोलीत कोणाला विचारा, असे किती ट्रक गंजले. माझा पोरगा अडीच वर्षांचा होता. हावच म्हणायची ती, हप्त्याची हाव.

आणि खेळवणं म्हणजे काय ते पण ऐका. रात्री दर तीन तासांनी दूध, बाटल्या उकळा, किती मिली प्यालं, शी कधी केली, सगळं वहीत लिहा कारण सकाळी मॅडम वही तपासणार. महिन्यातून दोन रविवार ठरलेले, त्यातला एक नेहमी “अगं आज पाहुणे येतायत”मध्ये जायचा. एजन्सीने पहिल्या पगारातला अर्धा कापला आणि आधार कार्ड ‘सेफ्टीसाठी’ ठेवून घेतलं. घर पक्कं शाकाहारी, त्यामुळे पाच वर्षं नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा, वास नाही. बाळ मात्र माझ्या तोंडून ऐकून ऐकून एक दिवस जेवताना सगळ्यांसमोर “नुस्तें” म्हणालं, तेव्हा जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही 😂

डिचोलीचो_सुंगट: तो मीच. ट्रक माझा पण होता बाय, खाणीचं मला शिकवू नकोस. २०१८ ला परत बंद झाल्या तेव्हा विकला, पडेल त्या भावात. पण बायकोला नाही पाठवलं कुठे. माझ्या चुलतबहिणीचं पोर आजीकडे वाढलं, आज सोळा वर्षांचं आहे आणि आईशी दोन वाक्यं बोलत नाही. त्याचा हिशेब कुठल्या वहीत लिहिणार? आणि आता तर गृह आधार, म्हणजे गोवा सरकारचे गृहिणींना दर महिन्याचे पैसे, पण मिळतो बायकांना.

म्हापसा_बँकवाली: गृह आधारचं नाव काढलंत ते बरं केलंत!! मला इथे म्हापशात पोर सांभाळायला बाई मिळत नाही त्याला कारण तेच. घरबसल्या १५०० मिळतात मग कोण येणार कामाला. तिघी आल्या, तिघी गेल्या.

फोंड्याचा_पाव: १५०० ला ३० ने भागा, दिवसाला ५० रुपये. एक नारळ. नारळासाठी कोण काम सोडतं हो?

म्हापसा_बँकवाली: तत्त्वाचा प्रश्न आहे. २०१२ ला १००० ने सुरू झालं, मग १२००, मग १५००, निवडणुका आल्या की अजून वाढेल. आमच्या टॅक्सचे पैसे.

फोंड्याचा_पाव: आणि तुम्ही बाईला किती देता, ते सांगा ना.

म्हापसा_बँकवाली: ८०००. नऊ ते सहा, जेवण धरून.

वाळपईची: “जेवण धरून” म्हणजे कालचं उरलेलं ना?

म्हापसा_बँकवाली: हे पर्सनल होतंय. तुम्ही माझ्या घरी जेवलात का कधी?

फोंड्याचा_पाव: नाही बाबा, आम्हाला जेवण धरून परवडत नाही.

डिचोलीचो_सुंगट: मूळ मुद्दा पोरांचा होता, गृह आधारचा नव्हे.

फोंड्याचा_पाव: तूच काढलास तो.

परळची_गोंयकान्न: मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे मुंबईत बाई ठेवणारी. २६ आठवडे रजा संपली. ५० किंवा जास्त माणसं असली की ऑफिसात पाळणाघर लागतं, २०१७ पासून तसा कायदा आहे, म्हणून बघायला गेले तर खोलीला कुलूप आणि आत प्रिंटरचे खोके. मग बाईशिवाय काय करू? आमची बाई सावंतवाडीकडची, पोरीला जीव लावला तिने, नाही म्हणत नाही. पण चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी १० हजार ॲडव्हान्स घेऊन गेली ती आलीच नाही, फोन बंद. पोर आठ दिवस दारापाशी बसायचं. तेव्हा सगळ्या बायका बिचाऱ्या असतात हे मला सांगू नका.

वाळपईची: चुकलं तिचं. पण सांगून सोडलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं? मी सांगून सोडलं तर एजन्सीवाला म्हणाला, बदली बाई येईपर्यंत कार्ड मिळणार नाही. पावणेदोन महिने अडकले.

कायद्याचा_किडा: मूळ आधार कार्ड असं अडकवून ठेवायचा एजन्सीला काही अधिकार नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ नंबरचा करार २०११ चा, भारताने बाजूने मत दिलं पण मंजुरी अजून दिलेली नाही.

वाळपईची: कायदा नवव्या मजल्यापर्यंत कधी आला नाही हो. सर्व्हिस लिफ्ट बंद असेल.

धोबीतलावचो_आजोबा: आमच्या वेळेला बोटीवर जाणारे बाप्ये मुंबईत गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या क्लबात, उतरायचे, पेटी ठेवायला जागा, बोलायला गाववाले. आया म्हणून आलेल्या बायांना मालकिणीच्या घराशिवाय कुठे पाठ टेकायला जागा होती? त्यांच्या हावेबद्दल बोलणारे तेव्हा पण होतेच, आणि त्यांच्याच मनिऑर्डरवर घराची कौलं बदलायचे.

डिचोलीचो_सुंगट: बरं. ‘हाव’ हा शब्द चुकला. आजीचं आणि पोराचं जे बोललो ते मागे घेत नाही.

वाळपईची: ते मी पण खोटं म्हटलेलं नाही. माझा पोरगा आता माझ्याशी बोलतो, पण जेवायला वाढ म्हणून आजीलाच सांगतो. फक्त त्याच्या बापाला कोणी विचारलं नाही की ट्रक बंद पडल्यावर तू घरी बसून पोराला आंघोळ का नाही घातलीस. आधी ती पोस्ट एडिट कर, लाईक दोनशे दहा झाले.

डिचोलीचो_सुंगट: करतो. आंघोळीचं मात्र… जाऊ दे.

म्हापसा_बँकवाली: कोणाच्या ओळखीत बाई असेल तर सांगा. ८५०० देईन.

वाळपईची: सुट्टी?

म्हापसा_बँकवाली: रविवार. आणि चवथीला दोन दिवस.

वाळपईची: आमचा गणपती पाच दिवसांचा.