मदत हवी आहे: कोर्ट एक, मुलं सोळा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीजवळच्या एका हॉलमध्ये आम्ही दोघं पालक संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा ८ ते ११ वर्षांच्या १६ मुलांना बॅडमिंटन शिकवतो. मानधन नाही, फी हॉलच्या भाड्यापुरतीच. जागतिक महासंघाच्या 'शटल टाइम' या मोफत उपक्रमातले धडे घेतो, शटल नायलॉनची.

अर्ध्या कोर्टवर सिंगल्स खेळवलं, तर चौघं खेळतात आणि बाराजण बसून राहतात. मल्टिशटलला (एकामागून एक शटल टाकून करायचा सराव) एकजण मारतो, बाकीचे वेचतात. परवा एक पोरगी कोपऱ्यात रॅकेटची ग्रिप सोडून पुन्हा गुंडाळत बसली होती, तासभर. फार लागलं मनाला.

वेळ वाढत नाही, साडेसहाला मोठ्यांचा ग्रुप येतो. भिंतीवर शटल मारायला परवानगी नाही.

आता विचार असा आहे: नेट काढून कोर्टच्या मधोमध, १३.४ मीटर लांबीच्या दिशेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी बांधायची आणि तिच्यावर शेजारी शेजारी सहा छोटी कोर्टं करायची. बाराजण खेळतील, चौघांचं फूटवर्क बाजूला. कुणी असं केलंय का? नेट मध्यभागी १.५२४ मीटर असतं. या वयाला दोरी किती उंचीवर ठेवावी, आणि मधे झोळ पडू नये म्हणून काय करता?