इंडियन डर्बीसाठी नजरेत ठेवायचे घोडे: नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेमकं काय बघायचं?

रविवारचा_ग्रँडस्टँड

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सीझन सुरू झाला की "यंदाचा डर्बीचा घोडा हाच" म्हणून तीन-चार नावं फिरायला लागतात आणि फेब्रुवारीत त्यातलं एखादंच पहिल्या चारात असतं. नावं मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धाग्याचं टिपांचं दुकान होईल. वहीतल्या तीन नोंदी देतो, सगळे तीन वर्षांचे:

अ: कोल्ट (तरुण नर). ऑगस्टमध्ये पुण्यात 1200 मीटर, फाटकापासून पुढे, पाच लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला. मुंबईत 1400 ला पुन्हा पुढे राहिला, पण जेमतेम नेकने (मानेएवढ्या फरकाने) वाचला.

ब: कोल्ट. 1600 ला 600 च्या खांबापाशी (शेवट 600 मीटरवर असताना) पुढच्या घोड्यापासून सहा लेंथ मागे, बेंडवर आतल्या रेलपासून (कुंपणापासून) तिसरा. शेवटी चौथा, विजेत्यापासून दीड लेंथ.

क: फिली (तरुण मादी). 1400 आणि 1600 दोन्ही जिंकल्या. फरक लहान, एकदा अर्धी लेंथ, एकदा पाऊण. जॉकीने चाबूक उचललाच नाही.

सध्या सगळे अ ला डोक्यावर घेऊन नाचताहेत. डर्बीच्या 2400 मीटरसाठी यातलं कोण, आणि कशावरून? टायमिंग, ब्रीडिंग, ट्रॅकवर्क यात कशाला किती किंमत द्यायची?

सहाशे_मीटर

आधी अ. पाच लेंथ विसरा. ऑगस्टमधलं पुण्याचं टर्फ पावसाने मऊ असतं. पुढे सुटलेल्याला स्वच्छ जमीन मिळते, मागच्यांच्या तोंडावर चिखल उडतो, आणि 1200 ला मागून येऊन गाठायला वेळच नसतो. पाच लेंथमधल्या किती त्याच्या स्वतःच्या आणि किती मागच्यांच्या अडचणीच्या, हे कागदावरून कळत नाही. कळतं ते एवढंच, की 200 मीटर वाढल्यावर पाच लेंथची नेक झाली. प्रतिस्पर्धी चांगले असतील हे मान्य, पण डर्बी त्या 1400 पेक्षाही आणखी 1000 मीटर लांब आहे. त्या रेसचे पहिले 800 बघा. ते खरोखर जोरात कापून शेवटी नेकने टिकला असेल तर घोडा जिगरीचा. आरामात पुढे राहूनही शेवटच्या 100 मध्ये लडबडला असेल तर दम नाही, नुसता वेग आहे.

आता ब, कारण या तिघांत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्याच्यातच आहे. निकालात "चौथा" लिहिलंय म्हणून लोक पान उलटतात. हिशोब करून बघा. सेकंदाला साधारण सहा लेंथ धरा. समजा पुढचा घोडा 600 च्या खांबाला 62.0 सेकंदांवर होता आणि विजेत्याची वेळ 1 मिनिट 38.5. म्हणजे शेवटचे 600 झाले 36.5 मध्ये. ब खांबाला सहा लेंथ मागे, म्हणजे 63.0 वर. शेवटी दीड लेंथ मागे, म्हणजे 98.75. त्याचे स्वतःचे शेवटचे 600 निघाले 35.75. पाऊण सेकंद जास्त जलद. (तुमच्या रेसचे खरे आकडे घाला, रीत तीच.)

यात एक खोट राहते, ती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचे घोडे थकून मागे येत असतील तर मागून येणारा प्रत्येक जण शूर दिसतो. वरच्या आकड्यांत पहिले 1000 मीटर 62 मध्ये, म्हणजे दर 200 ला 12.4, शेवटचे 600 दर 200 ला 12.2 च्या आत. रेस शेवटाकडे वेग घेत होती आणि वेग घेणाऱ्यांवर ब ने साडेचार लेंथ कमावल्या. हे खरं काम. तीच रेस पहिले 1000 मीटर 60 मध्ये आणि शेवटचे 600 मीटर 38.5 मध्ये अशी झाली असती, तर ब ने दमलेल्यांना ओलांडलं एवढंच म्हटलं असतं.

बेंडचा हिशोब तर कोणी करतच नाही. रेलपासून तिसरा म्हणजे अंदाजे दोन मीटर बाहेर. अर्ध्या वर्तुळाचं वळण दोन मीटर बाहेरून घेतलं की अंतर 6.3 मीटर वाढतं, म्हणजे अडीच लेंथ. वळण मोठं की लहान याने फरक पडत नाही, पाय (π) गुणिले दोन कुठेही तेवढंच. ब हरला दीड लेंथने. बाकी तुम्हीच ताडा.

महालक्ष्मीचा ट्रॅकच साधारण 2400 चा, म्हणजे डर्बी जवळपास पूर्ण फेरी. दोन्ही वळणं धरली की दोन मीटर बाहेर धावणाऱ्याला पाच लेंथचा भुर्दंड. म्हणून डर्बीत बाहेरचा ड्रॉ (फाटकातली जागा) मिळालेल्या घोड्याचा जॉकी पहिल्या 300-400 मीटरमध्ये आत जागा मिळवू शकतो का, हे घोड्याच्या स्वभावावर ठरतं. हट्टी, लगाम ओढणाऱ्या घोड्याला आवरून आत घालता येत नाही.

जुनी_रेसकार्डं

एक दुरुस्ती. तिघे आज तीनचे असले तरी डर्बी चार वर्षांच्यांची असते. आपल्याकडे घोड्याचं वय 1 जानेवारीला वाढतं, त्यामुळे डिसेंबरात 2000 गिनीज (हे रेसचं नाव, अंतर 1600 मीटर) तीन वर्षांचा म्हणून धावणारा घोडा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चारचा असतो. हे नुसतं कागदी नाही. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे मध्ये जन्मलेलं शिंगरू यांना कार्डावर वय एकच, प्रत्यक्षात चार महिन्यांचं अंतर. ऑगस्टमध्ये हे अंतर अंगापिंडावर ढळढळीत दिसतं, फेब्रुवारीपर्यंत बरंचसं भरून निघतं. उशिरा जन्मलेला घोडा पुण्यात मागे पडला असेल तर त्याला इतक्यात बाद करू नका. ब ची जन्मतारीख कार्डावरून काढून बघा.

क बद्दल. फिली म्हणून डावलण्याची सवय डर्बीच्या इतिहासाशी जुळत नाही. 1943 ची पहिलीच डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने घेतली. 2010 ला जॅकलिन, तीही दोन्ही गिनीज (1000 आणि 2000) आणि ओक्स (फिलींची मोठी रेस) खिशात घालून. 2011 ला मूनलाइट रोमान्स, 2012 ला इन द स्पॉटलाइट. सलग तीन वर्षं फिलीज. त्यांना कोल्टपेक्षा दीड किलो कमी वजन असतं. ढोबळ नियम असा की 1600 ला एक किलो म्हणजे एक लेंथच्या जरा वर, 2400 ला दीड लेंथ. म्हणजे डर्बीत ही सूट दोन लेंथच्या पुढे जाते.

क ने छोट्या फरकाने जिंकलं याची काळजी करू नका. काही घोडे पुढे गेले की कान टवकारतात आणि आवरतं घेतात, आणि जॉकीने चाबूक न काढता जिंकणं म्हणजे हात राखून जिंकणं. प्रश्न वेगळाच आहे: तिला ओक्स धावायची आहे का? ओक्सही 2400 ची आणि डर्बीच्या थोडेच दिवस आधी. दोन्ही कठीण धावा पचवणारी जॅकलिनसारखी क्वचितच. ओक्समध्ये शेवटपर्यंत झुंजावं लागलं तर डर्बीत पाय जड होतात. ओक्सनंतर दोन-तीन दिवसांत ती खाणं सोडते की नाही हे तबेल्यातच कळतं. आपल्याला दिसतं ते ट्रॅकवर पुन्हा कधी आली तेवढं.

ब्रीडिंगला मी दम आहे की नाही हे ठरवण्यापुरतीच किंमत देतो, घोडा चांगला की वाईट यासाठी नाही. बापाचं नाव सगळे वाचतात, आईकडचं वाचा: आईची आधीची शिंगरं किती अंतरावर जिंकली, आईचा बाप कोण. सगळी भावंडं 1000-1200 ला जिंकून 1600 ला विझत असतील तर अंतर वाढवून चमत्कार होत नाही. बापाच्या स्वतःच्या निकालांनी तर फसूच नका. राझीन हा घोडा 1990 च्या इंग्लंडमधल्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून धावला आणि पार मागे राहिला. पुढे इथे उषा स्टड या पैदास केंद्रात येऊन सायर (पैदाशीचा नर) म्हणून गाजला.

वाळूचा_ट्रॅक

ट्रॅकवर्क (सकाळच्या सरावाच्या छापील वेळा) वाचताना लोक एकच आकडा बघतात, शेवटचा. "600/36" (शेवटचे 600 मीटर 36 सेकंदांत) दिसलं की उड्या. डर्बीसाठी लांबचं काम महत्त्वाचं. उदाहरण घ्या: वाळूवर 1400 मीटर 1-34 (1 मिनिट 34 सेकंद), 1000/1-6, 600/39. फोड केली तर पहिले 400 झाले 28 मध्ये, पुढचे 400 झाले 27 मध्ये, शेवटचे 600 झाले 39 मध्ये. दर 200 ला 14, मग 13.5, मग 13. पायऱ्या चढल्यासारखा वेग वाढतोय, तोही न ढकलता. हा 2400 चा तयार घोडा. याच्या उलट 1000/1-9, 600/36 म्हणजे पहिले 400 मीटर 33 मध्ये रमतगमत आणि मग झपाटा. दिसायला छान, सांगत काहीच नाही. स्प्रिंटरही हेच करतो.

शेजारचा शेरा आकड्याइतकाच मोलाचा. 39 "ईझी" (न ढकलता) हे 37 "पुश्ड" (ढकलून) पेक्षा सरस. पाठीवर कोण होतं तेही बघा. रायडिंग बॉय आणि रेसचा जॉकी यांच्या वजनात सहा-सात किलोंचा फरक सहज असतो. जोडीने काम असेल तर दुसरा घोडा कुठल्या रेटिंगचा (क्लबने दिलेल्या गुणांचा), हे बघितल्याशिवाय "सोबत्यापेक्षा सरस" या शेऱ्याला अर्थ नाही.

आणि काय छापून आलं याइतकंच काय छापून आलं नाही ते वाचा. आठवड्याला दोनदा दिसणारा घोडा डिसेंबरात अचानक दहा दिवस यादीत नसेल तर बहुतेक वेळा शिन (नडगी) दुखतेय, टेंडनला (पायाच्या स्नायुबंधाला) गरमी आहे नाहीतर खोकला. तरुण घोड्यांची नडगी कठीण जमिनीवर लवकर दुखावते. गिनीज ते डर्बी साधारण सात आठवडे. त्यातले दोन बुडाले तर उरलेल्या पाचांत घोडा 1600 ला तयार होईल, 2400 ला नाही. तो धावतो, 2000 मीटरपर्यंत मस्त दिसतो आणि शेवटच्या 400 ला उभा राहतो. मग लोक म्हणतात, दम नव्हता. दम होता, तयारी नव्हती.

रविवारचा_ग्रँडस्टँड

ब चा बेंडचा हिशोब बघून डोळे उघडले. आभार. आणखी दोन शंका. अ ला आता झापडं लावून सोडणार असं कानावर आलंय, त्याने फरक पडेल? आणि बेंगळुरू, हैदराबादहून येणारे घोडे कसे जोखायचे? त्यांच्या वेळा आपल्याशी ताडून बघितल्या तर चालेल का?

सहाशे_मीटर

वेळा सरळ ताडू नका. महालक्ष्मीतसुद्धा फॉल्स रेल (आतल्या रेलच्या बाहेर लावलेलं तात्पुरतं कुंपण) लागलेल्या दिवसाच्या आणि नसलेल्या दिवसाच्या वेळा एकमेकींना लागू पडत नाहीत, मग दुसऱ्या गावाचं काय घेऊन बसलात. त्याच दिवशी त्याच अंतरावर धावलेल्या वरच्या क्लासच्या हँडिकॅपशी (रेटिंगनुसार वजन देणाऱ्या रेसशी) तुलना करा. नोव्हेंबरातल्या तीन वर्षांच्याने त्याच दुपारी क्लास 1 किंवा 2 च्या जुन्या घोड्यांएवढी वेळ दिली असेल, वजन साधारण सारखं असताना, तर तो कुठल्याही गावचा असो, वहीत लाल शाईने लिहा.

बाहेरच्यांसाठी बेंगळुरूची जुलैतली डर्बी आणि हैदराबादची 2 ऑक्टोबरची डेक्कन डर्बी या दोन खिडक्या. दोन्ही 2000 मीटरच्या, म्हणजे शेवटच्या 400 चा प्रश्न शिल्लक राहतोच. तिथे 2000 ला जिंकताना शेवटच्या 200 मध्ये फरक वाढत होता की कमी होत होता, ते व्हिडिओत बघा. वाढत असेल तर 2400 त्याला जास्त आवडेल.

जुनी_रेसकार्डं

झापडांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: अ ला ती नकोत. झापडं लक्ष विचलित होणाऱ्या, आळशी किंवा शेजारच्याला बुजणाऱ्या घोड्याला. आधीच पुढे पळणाऱ्याला लावली की तो पहिल्या 800 मध्येच आणखी पेटतो. 1400 ला खपून जाईल, 2400 ला राख. ट्रेनर खरंच ती लावणार असेल तर त्याचा विचार डर्बीचा नाही, स्प्रिंटचा आहे असं समजा. ब ला लावली तर मात्र दखल घ्या. सुरुवातीला रेंगाळतो तो सहा लेंथऐवजी तीन लेंथ मागे राहिला तर चित्र बदलतं.

कार्डावर नालेचा रकानाही बघत जा. मोठ्या रेसला स्टीलवरून अॅल्युमिनियमवर आणलं म्हणजे तबेला गंभीर आहे. नाल हलकी, पण नुसत्या तेवढ्याने काही जिंकत नाही, हेही खरं.

वाळूचा_ट्रॅक

अ साठी एक चाचणी सुचवतो, फुकटची आहे. पुढच्या वेळी पॅडॉकमध्ये तो मोतद्दाराला ओढत नेतोय का, मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आहे का, आणि स्टार्टकडे जाताना जॉकी लगामाला लटकून उभा आहे का, ते बघा. तिन्ही दिसलं तर रेसच्या आधीच इंधन जळतंय. उकाड्यात सगळेच घामाघूम होतात, त्यामुळे शेजारच्या घोड्यांशी तुलना करूनच ठरवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. डर्बीच्या एंट्री फार लवकर होतात आणि मग टप्प्याटप्प्याने फोरफिट (नाव मागे घेणं) पडत जातं. ब च्या नावापुढे एंट्री आहे ना ते क्लबच्या यादीत तपासलंत का?

रविवारचा_ग्रँडस्टँड

आत्ता यादी उघडली. ब आहे, क आहे, दोघांची एंट्री कायम. अ ची डर्बीसाठी एंट्रीच नाही.