उत्तर: यवतमाळच्या शाळेला टॅब देण्याबाबत

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातले उरलेले पैसे आणि काही जणांनी वेगळी दिलेली देणगी मिळून बऱ्यापैकी रक्कम जमली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेला टॅब द्यावेत, असं मागच्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं. शाळेच्या गुरुजींनाही या यादीवर घेतलं आहे. हरकत असेल तर रविवारपर्यंत लिहा. मग 'आम्हाला विचारलंच नाही' नको.

---

प्रेषक: आर्वीची ताई

सचिव, माझी हरकत आहे. पैशाला नाही, टॅबला.

मी इथे प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात काम करते हे बहुतेकांना माहीत आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना आम्ही शोधायला शिकवतो, पण सुरुवात कागदावर होते. पुस्तकाची शेवटची पानं उघडायची, सूचीतला शब्द गाठायचा, तिथून पान काढायचं. शब्द सापडला नाही की खरा धडा सुरू होतो. 'वाघ' नाही मिळाला? मग 'मार्जारकुळ' बघ, 'अभयारण्य' बघ. आपल्याकडच्या पोराला यवतमाळचं 'टिपेश्वर' अभयारण्य सुचेल. पुढे डेटाबेससमोर बसल्यावर नेमकी हीच खटपट उपयोगी पडते.

'आणि', 'किंवा', 'नाही' हे तर वर्गात उभं करून शिकवता येतं. ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांनी पुढे या. बैल आणि विहीर दोन्ही आहे तेवढेच थांबा. आता बैल किंवा विहीर, काहीही एक असलं तरी या. 'आणि' म्हटलं की गर्दी ओसरते, 'किंवा' म्हटलं की वाढते, हे दहा मिनिटांत कळतं. जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातल्या गणितज्ञाचं हे तर्कशास्त्र, आणि जगातले बहुतेक डेटाबेस आजही त्याचा वापर करतात. त्याला वीज लागत नाही की चार्जर.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आपण टॅब देऊन मुलांच्या हातात पसारा देतो आणि त्यातून वाट काढायला कोणीच शिकवत नाही. माझं म्हणणं, यंत्रं कमी घ्या, शिकवणाऱ्या माणसावर पैसे घाला.

---

प्रेषक: पुसदवाले काका

ताई, तुझं सगळं खरं, पण कोणत्या शाळेबद्दल बोलतो आहोत आपण? पाचवीच्या कित्येक पोरांना दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, ही रड ग्रामीण मुलांच्या पाहणीच्या 'असर' अहवालात वर्षानुवर्षं छापून येते. त्यांना आधी वाचायला शिकवा, संशोधन नंतर. आणि फोन तर घरोघरी आहेतच. पोरं त्यावर रील बघतात, आता तर प्रश्न टाकला की तयार उत्तरही मिळतं. शोधायचं शिल्लक काय राहिलं?

टॅब दिले तर निदान मोजता तरी येतील.

---

प्रेषक: गुरुजी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आधी टॅबचं सांगतो. यापूर्वी एका संस्थेनं दिलेले टॅब आमच्या कपाटात आहेत. निम्म्यांच्या बॅटऱ्या फुगल्या, उरलेल्यांत आधीच भरलेले धडे आहेत, जे पोट्ट्यांनी पहिल्याच महिन्यात पाहून संपवले. तेव्हा मोजायला काका कधीही येऊ शकतात.

वाचनाबद्दल काकांचं बरोबर आहे. पण माझा अनुभव असा की वाचायला कारण लागतं. मागच्या वर्षी सहावी-सातवीची सहल लोणारला नेली. परत आल्यावर विचारलं, सरोवर किती जुनं? एकानं 52 हजार वर्षं आणलं, दुसरीनं 5 लाख 70 हजार. दोघांकडे छापील आधार! वर्गात जुंपली. मग आम्ही मागं गेलो. पहिला आकडा तप्तदीप्ती पद्धतीचा (दगड तापवून निघणाऱ्या उजेडावरून वय काढतात), जुना. दुसरा दगडातल्या अरगॉन वायूवरून काढलेला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला. तेव्हापासून वर्गाचा नियम झाला आहे, आकडा आणला की सोबत तीन गोष्टी आणायच्या: कोणी काढला, कधी, कशावरून. ज्या पोराला वाचायचा कंटाळा, तोच भांडण जिंकायला दोन पानं वाचून आला. जून 2020 मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय कारणं फिरली, तीही काढायला लावली. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलेलं कारण म्हणजे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. ते शोधायला वेळ लागला, कारण वरची पहिली पानं सगळी एकमेकांची नक्कल होती.

इथं खरी गरज कशाची आहे ते पऱ्हाटीवरून, म्हणजे कपाशीवरून, सांगतो. 2017 साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं पीक खाल्लं. आमच्या पोट्ट्यांच्या घरी या गोष्टी अजून बोलल्या जातात. कास्तकार फोनवर 'पऱ्हाटीची अळी' म्हणून शोधतो, आणि समोर येतो कोण? औषध विकणाऱ्याचा व्हिडिओ. पोट्ट्यांना मी सांगितलं, 'कपाशी' टाका, 'गुलाबी बोंडअळी' टाका, सोबत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नाव जोडा. मग सल्ला येतो: हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागं दर रात्री 8 पतंग अडकले तर उपाय करा. फवारणी आधी की सापळे आधी, हे कोण सांगतो आणि सांगणाऱ्याला त्यात काय मिळतं, हे सातवीच्या पोरीला कळतं. तिच्या बापाला ती सांगते. बाप ऐकतोच असं नाही.

डेटाबेस म्हणाल तर सरकारचं 'महारेन' आहे. महसूल मंडळाप्रमाणे, म्हणजे काही गावांच्या गटाप्रमाणे, रोजचा पाऊस त्यात मिळतो. आम्ही शाळेत साधं पर्जन्यमापक ठेवलं आहे. आमचा आकडा आणि मंडळाचा आकडा पोट्टे वहीत शेजारी शेजारी मांडतात. कधी मोठा फरक पडतो, कारण मंडळाचं यंत्र दुसऱ्या गावी. चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी धरतात आणि मोजतात ते मंडळाचं यंत्र, गावचं वावर नाही. हे समजल्यावर चार कास्तकार वही पाहायला शाळेत आले. शाळेचा आकडा सरकारदरबारी चालत नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण कुठला आकडा कुठून येतो, हे आता गावात दोन-चार जणांना तरी ठाऊक आहे.

लहानांसाठी 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक बालभारतीनं नेटवर मोफत ठेवले आहेत. मराठी विश्वकोशही आहे. पाचवीला मी एवढंच देतो: 'किशोर'मधून अमुक विषयावरचा लेख काढ, आणि सांग कोणत्या वर्षाचा. विश्वकोशाची भाषा जड जाते, तिथं मीच बसतो सोबत.

तयार उत्तराबद्दल काका विचारतात. पोट्टे विचारून आणतात, मी नाही म्हणत नाही. तेच तीन प्रश्न त्यालाही लावतो. मग बहुतेक वेळा मूळ पान उघडावंच लागतं.

मागायचं तर एक चांगला संगणक, प्रिंटर, वर्षाचं नेट. आणि आठवड्यातून दोन दिवस एक माणूस. गावातल्या एका पोरीनं ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केला आहे, घरी बसून आहे. आम्ही दोघं शिक्षक, त्यात निवडणूक, सर्वेक्षण, माहिती भरणं. मला रोज हे जमत नाही, खरं सांगतो.

---

प्रेषक: खजिनदार

गुरुजींचं पत्र वाचून माझंही मत बदललं, पण नियम बदलत नाहीत. आपल्यातल्या ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं त्यांचे धरले जातात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. आपल्या मंडळाच्या खात्यातूनही थेट पाठवता येणार नाही. ते घ्यायला तिकडच्या संस्थेकडे परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणंही बंद आहे. म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनी आपापलं द्यावं, बाकीच्यांचं इथल्या कामासाठी वापरू. यादी मी करतो.

---

प्रेषक: आर्वीची ताई

गुरुजी, तुमचे तीन प्रश्न मी उद्यापासून माझ्या वर्गात लावणार आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवलं होतं की व्यवसायानं बातम्या पडताळणारे लोक अनोळखी पान वाचत बसत नाहीत. ते लगेच बाहेर पडतात आणि त्या पानाबद्दल इतर काय म्हणतात ते बघतात. इतिहासाचे प्राध्यापक मात्र पान नीट वाचत बसले आणि त्यातले बरेच फसले. तुमच्या पोरांना हे जमेल, ती आधीच भांडखोर आहेत.

त्या मुलीला मी ऑनलाइन शिकवायला तयार आहे. शनिवारी तुमची शाळा सकाळची ना? सुटल्यावर अर्धा तास. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे सहा असतात, चालेल.

---

प्रेषक: पुसदवाले काका

माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. प्रिंटर माझ्याकडून, शाई पण. अट एक. छापून काढलेलं प्रत्येक पान पोरानं मोठ्यानं वाचून दाखवायचं.

---

प्रेषक: गुरुजी

अट मंजूर. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते, पोट्टे थांबवतो. ताई, पहिला प्रश्न त्यांनीच काढला आहे: नाल्यावरच्या बंधाऱ्याला ग्रामपंचायतीनं किती खर्च केला? ग्रामपंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावर, ई-ग्रामस्वराजवर, सापडेल असं मी म्हणालो आहे. तुम्हीही आधी एकदा पाहून ठेवा.

---

प्रेषक: पुसदवाले काका

गुरुजी, सरपंचाला आधी चहाला बोलवा.