स्वॅप ट्रान्सप्लांट : अदलाबदल, विनिमय की आणखी काही?

शेवंता : मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय, 'स्वॅप ट्रान्सप्लांट'पाशी अडले. बायको नवऱ्याला मूत्रपिंड द्यायला तयार, पण तिचा रक्तगट जुळत नाही, दुसऱ्या जोडप्याचीही तीच अडचण. मग हिचं मूत्रपिंड तिकडच्या रुग्णाला, तिकडचं इकडे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने याला जागा मिळाली. मी 'अदलाबदल प्रत्यारोपण' लिहिलं, ते तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. दवाखान्यात 'अदलाबदल' म्हटलं की लोकांना प्रसूतिगृहातल्या बाळांच्या बातम्या आठवतात, म्हणाल्या.

वाटसरू : 'विनिमय प्रत्यारोपण' करा. नेमका शब्द आहे, उगाच घाबरवत नाही.

कावेरी : डायलिसिस विभागात नोकरी करते. नातेवाईक सरळ 'स्वॅप' म्हणतात. विनिमय ऐकून त्यांना परकीय चलन आठवेल. ज्याला सही करायची आहे त्याला कळेल तेच लिहा.

वाटसरू : मग मराठीत लिहायचंच कशाला? शब्द वापरलाच नाही तर रुळणार कसा?

नानाभाऊ : आपल्याकडे 'साटंलोटं' होतंच की. माझ्या आत्याचं लग्न तसंच झालं: त्यांची मुलगी आपल्या घरात, आपली त्यांच्या घरात. दोन जोडपी, दोन्हीकडून देणं. तंतोतंत बसतं.

कावेरी : नानाभाऊ, बसतं खरं, पण आज साटंलोटं म्हणजे ठेकेदार आणि पुढारी. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, तिथे हा शब्द नको म्हणजे नकोच.

पाणंद : 'अदलाबदल'ला एवढं बदनाम करू नका. रजिस्ट्री कचेरीत 'अदलाबदल दस्त' रोज होतात. राज्य सरकारच्या २०२३च्या सलोखा योजनेत तर एकमेकांच्या ताब्यातल्या शेतजमिनींच्या अदलाबदलीला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये एवढंच ठेवलं होतं. आमच्या भावकीतला वाद त्यावर मिटला. बाळांची 'झाली' ती चूक, जमिनीची 'केली' तो करार. फरक क्रियापदात आहे.

शेवंता : हे पटलं. 'परस्पर-संमतीने अदलाबदल' लिहिलं तर?

वाटसरू : लांबलचक. विनिमयच बरा.

नानाभाऊ : मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ 'फटका मारणे' असा आहे. सौदा ठरला की हातावर हात मारायचे, त्यातून हा अर्थ आला. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. आपला 'सट्टा' आणि 'साटं' हेही एकाच घरातले असावेत, असं मला फार दिवस वाटतंय.

पाणंद : सट्टा आणि साटं? आधार द्या. नुसता कानाला सारखा लागला म्हणून नातं जोडता येत नाही.

कावेरी : बोहारणीकडे जुन्या साड्या देऊन पातेलं घ्यायचो, त्याला आई 'बदली' म्हणायची. सोनाराकडे मात्र 'मोड'. तुमच्याकडे भांड्यालाही मोडच म्हणतात का?

नानाभाऊ : तांब्या-पितळेला मोड. साड्यांना नाही.