प्रतिसाद: हाक्कोदा मारूचं मागचं दार बघा

वर कुणीतरी विचारलंय की जपानमध्ये रेल्वेचे डबे बोटीत चढवायचे कसे. उत्तर जपानमधल्या आओमोरी बंदरात हाक्कोदा मारू ही रेल्वेचे डबे नेणारी जुनी बोट म्युझियम म्हणून उभी आहे, तिथे हे सगळं नीट कळतं. बोटीची मागची बाजू धक्क्याला लावायची, वरखाली होणारा पूल जुळवायचा आणि इंजिनने वॅगन सरळ आत ढकलायच्या, ४८ मावायच्या! खालच्या डेकवर रूळ अजून आहेत आणि त्यांवर खरे डबेसुद्धा उभे आहेत.

पण मला विचाराल तर त्या बोटीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचं वॉटरटाइट दार. १९५४ च्या वादळात याच मार्गावरची तशीच आधीची बोट तोया मारू बुडाली, हजाराच्या वर माणसं गेली, कारण मागची बाजू उघडी होती, लाटा थेट वॅगन डेकवर आल्या, तिथून पाणी खाली इंजिनरूममध्ये उतरलं आणि इंजिनंच बंद पडली. त्यानंतर बांधलेल्या या बोटींना म्हणून ते दार आलं. याच दुर्घटनेमुळे समुद्राखालच्या बोगद्याच्या मागणीनेही जोर धरला, १९८८ च्या मार्चमध्ये होन्शू आणि होक्काइदो बेटांना जोडणारा सेइकान रेल्वे बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी हाक्कोदा मारूची शेवटची फेरी झाली. अशा बोटी भंगारात जाऊ न देता जपल्याच पाहिजेत, नुसत्या फोटोंवरून त्या डेकचा अंदाज येत नाही.