मदत हवी आहे: थीम पार्कातल्या जेवणाचं परीक्षण लिहायचंय, पण घरात एकमत होईना

पाटोडीरस्सा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे हैदराबादकडच्या एका मोठ्या थीम पार्कला जाऊन आलो. राहिलो पार्कच्याच हॉटेलात, त्यामुळे खाणंपिणं सगळं आतच. आता माझ्या बहिणी आणि सोसायटीतली दोन कुटुंबं नाताळात तिकडेच निघालीत. राईड्सचं कोणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "पोरं-म्हातारी घेऊन जायचं, तर खायचं काय?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून म्हटलं गूगल मॅप्सवर एकेका हॉटेलाखाली नीट लिहूनच टाकावं. लिहायला बसले आणि अडकले. पार्कचं नाव इथे मुद्दाम देत नाही, माझंच मत अजून पक्कं नाही.

घोळ असा आहे की जेवलो एकत्र, पण मतं सात. दुपारचा बुफेच घ्या. साडेबाराला सुरू होतो, आम्ही पोचलो अडीचला, कारण पोरं पाण्याच्या राईडच्या रांगेतून हलेनात. तोवर पुऱ्या वातड झालेल्या, भात तळाला, पनीरच्या भांड्यात नुसता रस्सा. डाल मात्र चांगली होती आणि जिलेबी समोर गरम काढत होते. नंदोई म्हणतात चार स्टार द्या, एवढ्या गर्दीत पोटभर मिळालं. नणंद म्हणते एक, कारण भाच्याची उंची त्यांच्या पट्टीच्या बोटभर वर गेली, म्हणून त्याचे मोठ्या माणसाच्या ताटाचे पैसे घेतले. आणि तो जेवला काय, तर दोन पुऱ्या आणि जिलेबी. आमच्या ह्यांना सगळंच फिकं लागलं. पण दर रविवारी झणझणीत सावजी रस्सा खाणाऱ्या माणसाचं मत यात धरायचं का, हाच मुळात प्रश्न आहे.

दुसरी भानगड एकादशीची. कार्तिकी नेमकी तेव्हाच आली. आई (म्हणजे सासूबाई) साबुदाणा, भगर, बटाटा, फळं एवढंच घेतात. साबुदाणा तिथे मिळणार नाही हे माहीत होतं. बाहेरचं खाणं गेटच्या आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे राजगिऱ्याचे लाडू खोलीवरच राहिले. एका काउंटरवर फिंगर चिप्स दिसले. विचारलं, तेल वेगळं आहे का? तिथला पोरगा "थांबा" म्हणून आत गेला आणि येऊन हळूच म्हणाला, "मत लो मॅडम. तेल सेम है, चिकन भी उसी में." मग कुठून तरी दोन केळी आणून आईंच्या हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत. आता या काउंटरला स्टार किती द्यायचे? आम्ही तिथलं खाल्लं काहीच नाही. पण अख्ख्या सहलीत आईंना सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली जागा तीच.

रात्री हॉटेलातच आंध्र पद्धतीची थाळी घेतली. पप्पू (म्हणजे तिकडची डाळ), रसम, दोन कोरड्या भाज्या, दहीभात आणि गोंगुऱ्याची चटणी. आईंनी (एकादशीला त्या रात्रीही जेवत नाहीत, म्हणून ही थाळी दुसऱ्या दिवशीची, द्वादशीची) पहिल्याच घासाला ओळखलं, ही तर आपली अंबाडी. दोनदा मागून घेतली. इथे सगळ्यांचं एकमत, पाच स्टार. पण बिल आलं तर त्यात सर्व्हिस चार्ज लावलेला आणि वर १८ टक्के जीएसटी. पार्कातल्या डोशाच्या काउंटरवर ५ टक्केच होता. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर तोंड जरा वाकडं झालं, पण काढला. हे लिहायचं, की लोक म्हणतील काय कटकटी बाई आहे?

आणि बुफेवाल्यांनी निघताना क्यूआर समोर धरला, "पाच स्टार द्या, पोरांना आइसक्रीम फ्री." माझा फोन लेकीच्या हातात होता. म्हणजे ज्या जेवणावरून घरात भांडण चालू आहे, त्याला माझ्या नावानं पाच स्टार ऑलरेडी पडलेत.

तर सांगा. सगळ्यांचं मिळून एकच लिहू की प्रत्येक हॉटेलाचं वेगळं? पैशांचं लिहावं का? आणि स्टार नेमके कशाला द्यायचे?

तर्री_मारके

काऊन एवढा विचार करून राहिल्या ताई? पार्कात जेवायला कोणी चवीसाठी जाते का? गेटच्या आत गेलं का माणूस त्यांचाच. ट्रेनमधल्या जेवणासारखं धरा, मिळालं नं वेळेवर, मग झालं. आणि भाऊंना सांगा, सावजीची तर्री घेऊन हैदराबादची डाल नाही मोजत.

तसे हैदराबादचे लोक काही कमी तिखट खात नाही बाप्पा. पार्कवाले सगळ्या राज्यांतले लेकरं डोळ्यांसमोर ठेवून मसाला टाकतात, म्हणून फिकं लागते. ती थाळी मात्र घ्याच म्हणून लिहा, माझ्या बायकोला अंबाडी म्हटलं का बस.

महालातली_काकू

वेगळंच लिही गं. पार्कच्या नावाखाली जेवणाचं लिहिलंस तर राईड्स आणि पार्किंगच्या शेकडो मतांत ते कुठल्या कुठे जाईल. आतल्या मोठ्या हॉटेलांची मॅप्सवर बहुतेक वेगळी नोंद असते, तिथे लिही. ते पाच स्टार बदलता येतात, आपलं जुनं मत उघडून एडिट करायचं. आइसक्रीम पोरीनं खाल्लं तर खाल्लं. फुकटचं देऊन चांगलं लिहून घेणं गूगलच्याच नियमात बसत नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नको.

मी स्वतः कुठे जायच्या आधी वाचते तेव्हा "मस्त", "एक नंबर", "पैसा वसूल" असली मतं सोडूनच देते. मला हवं असतं ते वेगळंच. टेबल मिळायला किती वेळ गेला? राईडपासून तिथवर म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागतं, पायऱ्या आहेत का? पिण्याचं पाणी फुकट कुठे मिळतं? हात धुवायला साबण होता का? माझ्या गुडघ्यांना चवीपेक्षा याची गरज जास्त. तुझ्या सासूबाईंना विचार, त्या बरोब्बर सांगतील.

हिशेबनीस

पैशांचं जरूर लिहा, पण बिल समोर ठेवून. तुमच्या दोन बिलांतला फरक फसवणूक नाही. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. तुम्ही राहिलात ते हॉटेल त्या वर्गातलं असणार. म्हणून "जीएसटी जास्त लावला" असं लिहू नका, "हॉटेलात जेवलात तर कर १८ टक्के धरा" असं लिहा. नाताळात जाणाऱ्यांना बजेट करायला तेच उपयोगी.

सर्व्हिस चार्जचं वेगळं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या, की तो आपोआप बिलात लावता येणार नाही, द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. तुम्ही काढायला सांगितला यात कटकट कसली आली? तुमचा हक्क होता. काढला नसता तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परीक्षणात एक ओळ पुरे: लावतात, सांगितल्यावर काढतात.

पाण्याच्या बाटलीवरून मात्र वाद घालू नका. बसून जेवायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर तो गुन्हा होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या डिसेंबरात तसा निकाल दिलाय.

खापरीचा_प्रवासी

थोडं विषयांतर. तुम्ही गाडीनं गेलात की रेल्वेनं? वंदे भारत कशी आहे लहान मुलांना घेऊन?

पाटोडीरस्सा

वंदे भारतनं. पहाटे ५ ला नागपूरहून निघते, दुपारी सिकंदराबादला. पोरं चंद्रपूरपर्यंत झोपलेलीच. परतताना मात्र आईंसाठी डबा हाताशी ठेवला होता.

जुना_केटरर

ताई, मी बरीच वर्षं लग्नाचे बुफे केले आहेत, सक्करदऱ्यापासून कामठीपर्यंत. तुमच्या नंदोईंचं चूक नाही आणि नणंदेचंही नाही. तुम्ही अडीचला गेलात ही गोष्ट धरल्याशिवाय त्या जेवणाचं काहीच सांगता येणार नाही.

गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं लागतं, नाहीतर जंतू वाढतात. म्हणून खाली पाणी आणि बर्नर असलेल्या चेफिंग डिश ठेवतात. आता त्यात पुरी झाकून ठेवली तर काय होईल? वाफेनं अर्ध्या तासात चामडं. भाताच्या कडा वाळतात. डोसा, भजी, कचोरी यांची पण तीच गत. स्वयंपाकी कितीही चांगला असो, पुरी त्या डिशमध्ये टिकत नाही. पण डाल, राजमा, सांबार उकळून उकळून उलट मुरतात. तुम्हाला डाल चांगली लागली, त्याचं कारण हे. आणि जिलेबी समोर काढतात म्हणजे ती कधीही खा.

म्हणून मी असं बघतो. वेळेमुळे बिघडलं ते एका बाजूला ठेवायचं. पनीर संपल्यावर पुन्हा भरलं नाही, ही मात्र हॉटेलाची चूक, कारण पैसे त्यांनी पूर्ण ताटाचे घेतले. त्याचा स्टार कापा. पुरीचा कापू नका, पुरीबद्दल "एकच्या आत या" एवढं लिहा. एक ते दोन सगळ्यात जास्त गर्दी असते, साडेबाराला दार उघडल्याबरोबर बसलं तर तेच जेवण वेगळं लागेल.

आणि त्या उंचीच्या पट्टीचं नक्की लिहा. पार्कवाले तिकीट उंचीवर लावतात ते ठीक, राईडला उंचीच लागते. पण जेवणालाही तीच पट्टी लावतात हे लोकांना काउंटरवर गेल्यावर कळतं. लांब पाय म्हणजे मोठं पोट थोडीच!

शेंगदाणा_नको

कोणी हे म्हटलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. हैदराबादी जेवणात मिरची का सालन आणि बघारे बैंगन या दोन्हींचा रस्सा शेंगदाणा, तीळ आणि खोबऱ्याच्या वाटणाचा असतो. इडलीची चटणीही पुष्कळदा शेंगदाण्याचीच. बिर्याणीवर सालन ओतून देतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. बुफेत पदार्थांसमोर पाट्या होत्या का? त्यावर हिरव्या ठिपक्याशिवाय काही लिहिलं होतं का? कृपया सांगा, मला नाताळात जायचंय.

पाटोडीरस्सा

पाट्या होत्या, पण नुसतं नाव आणि हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण. शेंगदाणा, दूध असं काही लिहिलेलं दिसलं नाही. सालन होतं, बिर्याणीच्या शेजारीच. बरं झालं विचारलंत, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. डोशाच्या काउंटरवर पांढरी चटणी खोबऱ्याची होती, दुसरी कशाची ते विचारलं नाही. तुम्ही विचाराच.

सगळ्यांचे आभार. पाच स्टार काढलेत. (लेक विचारते, आइसक्रीम परत द्यावं लागेल का.) नवऱ्याचं मत गाळलं, तो म्हणतो चालेल, पण लिहिणारे नागपूरचे आहेत एवढं तरी लिही. बुफेचा मसुदा टाकते, बघा बरं:

"नागपूरहून सात जण, त्यात एक आजी आणि दोन मुलं. सुट्टीतला गर्दीचा दिवस, दुपारी अडीच. टेबल लगेच मिळालं. डाल चांगली, जिलेबी समोर काढतात, उत्तम. पुऱ्या वातड, भात संपत आलेला. एकच्या आत गेलात तर बरं. पनीर संपलं ते पुन्हा आलं नाही, सांगूनही. मुलांचं ताट उंचीवर ठरतं, रांगेत उभं राहायच्या आधी विचारा. पाट्यांवर शेंगदाण्याचा उल्लेख नाही, सालन घेताना विचारा. मसाला बेताचा, मुलांना चालेल. निघताना पाच स्टारच्या बदल्यात आइसक्रीम देतात. जेवणाला तीन, सेवेला दोन."

फिंगर चिप्सच्या काउंटरचं लिहिलंय: "उपवासाला चालणारं काही नाही. चिप्सचं तेल चिकनचंच आहे, हे विचारल्यावर पोरानं खरं सांगितलं आणि आजींना केळी आणून दिली, पैसे घेतले नाहीत. सेवेला पाच." आईंचा आग्रह आहे की त्या पोराचं नावही टाक, छातीवरच्या पट्टीवर वाचलं होतं त्यांनी.

तर्री_मारके

जिलेबी पहिल्या ओळीत घ्या ताई. लोकं पहिली ओळच वाचतात.

महालातली_काकू

टेबलापर्यंत किती चालावं लागतं ते राहिलं.

जुना_केटरर

बुफेचं एकदम बरोबर. काउंटरचं लिहिताना थोडं जपा. पोराचं नाव नको. कौतुक म्हणून टाकाल, पण "आमचं तेल एकच" हे गिऱ्हाईकाला सांगितलं म्हणून मॅनेजर त्यालाच धरेल. आणि केळी फुकट दिली हेही नको. ती त्यानं स्टाफच्या जेवणातून आणली असतील नाहीतर किचनमधून, आपल्याला माहीत नाही, आणि किचनमध्ये केळ्याचासुद्धा हिशेब असतो. "तेलाबद्दल विचारलं तर आत जाऊन नीट चौकशी करून खरं सांगतात" एवढं लिहा. उपवासवाल्याला आणि शाकाहारी माणसाला तेवढ्यानं कळेल.

पाटोडीरस्सा

हे पटलं. नाव आणि केळी दोन्ही काढते, आईंना मी समजावते. काकू, बुफे दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे पण ती मागच्या बाजूला, कोणी सांगत नाही. तेही घालते आणि रात्री टाकते.