एमजीबी जीटी १९७२: ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणतो, हार्नेस (गाडीतल्या वायरींचा अख्खा जुडगा) बदलू का?

निळी_बी (हडर्सफील्ड, इंग्लंड)

नमस्कार मंडळी. माझी गाडी १९७२ची एमजीबी जीटी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हापासून इंजिन, क्लच, ब्रेक सगळं स्वतः करत आलोय. वायरिंगपुढे मात्र हात टेकलेत.

दिवसा, दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाण मंद पेटतो. बायकोला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून मी गाडीभोवती फिरलो, तर पुढचा डावा इंडिकेटरही मिणमिणत होता. रात्री हेडलाइट लावून ब्रेक दाबला की मागचा डावा दिवा उजळायच्या ऐवजी विझत्या निखाऱ्यासारखा होतो. त्याच वेळी डावीकडे वळायचं असलं तर इंडिकेटरची टकटकच थांबते. आणखी एक: पावसात वायपर, हीटर आणि ब्रेक एकदम चालू असले की पेट्रोलचा काटा खाली घसरतो. याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही, कळत नाही.

आतापर्यंत मागचे सगळे बल्ब, फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) आणि इंडिकेटरचा दांडा बदलला. अर्थिंग मीटरने तपासलं. बीप वाजतो, ओहम जवळजवळ शून्य. इथल्या एका गॅरेजचं म्हणणं, अख्खा हार्नेस नवा टाका.

घराला गॅरेज नाही, गाडी बारा महिने रस्त्यावर कव्हरखाली असते, आणि इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. ४० वर्षांवरच्या गाड्यांना २०१८पासून एमओटीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही, म्हणजे दिवे बघणारा मीच एकटा. गेल्या आठवड्यात उतारावर मागची व्हॅन अगदी टेकायच्या बेतात येऊन थांबली. मुलगी मागच्या सीटवर होती. तेव्हापासून अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढलेली नाही.

जुना_वायरमन (कोल्हापूर)

हार्नेसला हात लावू नका. तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की दोष कुठे आहे ते त्यातच दिसतंय.

मी ३८ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. एमजीबी माझ्याकडे कधी आली नाही, पण ॲम्बॅसडर आणि स्टँडर्ड हेराल्ड शेकड्याने केल्या. ॲम्बॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन तुमच्या इंजिनाच्याच घराण्यातलं. वायरींच्या रंगांची भाषाही तीच. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावरची, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून पण कायम चालू, लाल साइड आणि टेल लाइटची, निळी हेडलाइटची, काळी अर्थ. हे पाठ करा, निम्मं काम तिथेच होतं.

आता तुमचा दोष. मागच्या डाव्या दिव्यात ब्रेकचा २१ वॉट, टेलचा ५ वॉट आणि इंडिकेटरचा २१ वॉट, या तिघांचा परतीचा रस्ता एकच, अर्थ. तो रस्ता अरुंद झाला की ब्रेकचा करंट दुसरी वाट शोधतो. तो इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा शिरतो, हिरव्या-लाल वायरीने पुढे जातो आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरच्या अर्थवर उतरतो. म्हणून पुढचा दिवा मिणमिणतो, वाटेतला बाणही पेटतो. रात्री टेलचा दिवा आधीच त्या अरुंद रस्त्यावर असतो. ब्रेकचा करंट त्यात घुसला की दोघांनाही पुरेसे व्होल्ट उरत नाहीत. फ्लॅशर तर तापून उघडझाप करणारा. ठरावीक करंट मिळाला नाही तर तो टकटक करणारच नाही.

मीटर तुम्हाला फसवतोय. ओहम मोजताना तो वायरीतून नखभर करंट सोडतो. वीस तारांतली एक शाबूत असली तरी तेवढा करंट बिनबोभाट जातो आणि बीप वाजतो. ब्रेकचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वाटेत एक ओहम अडथळा असला तर पावणेदोन व्होल्ट तिथेच खलास. म्हणून ओहम विसरा आणि बल्ब पेटलेला असताना व्होल्ट मोजा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावरच, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं टोक मागच्या डाव्या दिव्याच्या होल्डरच्या धातूवर. कोणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर अर्थ चांगला, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर चोर तिथेच आहे. मग बॅटरीवरचं टोक तसंच ठेवून दुसरं टोक काळ्या वायरीवर एकेक जोड मागे सरकवा. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडतो, तो जोड खराब.

एक खबरदारी. ब्रेक लाइट हिरव्या सर्किटवर आहेत, म्हणजे चावी चालू ठेवावी लागणार. इंजिन बंद असताना पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असले तर कॉइल तापून जाते. कॉइलची पांढरी वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि मगच निवांत मोजा.

बी_रोडस्टर (ब्रिस्टल)

काकांनी अर्थचं सगळं सांगितलंय, मी पेट्रोलच्या काट्याबद्दल लिहिते. तो वेगळा दोष आहे. काट्यामागे १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो, तो काट्याला कायम तेवढेच व्होल्ट देतो. हिरव्या सर्किटचे व्होल्ट १०च्या खाली गेले की काटा पडतो. लोक टाकीतला फ्लोट बदलतात आणि हाती काही लागत नाही.

हिरव्या फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बघा. वायपर, हीटर आणि ब्रेक चालू ठेवून फ्यूजच्या एका क्लिपपासून दुसऱ्या क्लिपपर्यंत व्होल्ट मोजा. माझ्या रोडस्टरमध्ये (उघड्या टपाची एमजीबी) १.४ व्होल्ट तिथेच जात होते, फ्यूजला हात लावला तर चटका बसायचा. क्लिपांना पॉलिश पेपर मारला, पक्कडीने जरा आवळल्या, आणि काटा सरळ झाला.

फ्यूज घेताना आकडा नीट वाचा. ब्रिटिश काचेच्या फ्यूजवरचे ३५ अँपिअर म्हणजे तो वितळायचा आकडा, सतत १७च सोसतो. दुसऱ्या पद्धतीचा, सतत ३५ सोसणारा फ्यूज तिथे बसवला तर त्याच्याआधी वायर जळेल. आमच्या गाडीत आधीच्या कुणी तसा घातलेला होता आणि हिरव्या वायरीचं आवरण ठिकठिकाणी कडक झालं होतं.

निळी_बी

दोघांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळी पाऊस थांबल्यावर बसलो. मुलगी ब्रेक दाबायला होती, आकडे तीच वहीत लिहीत होती.

मागच्या डाव्या होल्डरवर ४.३ व्होल्ट. उजवीकडे ०.०९. काका, आकडा बघून मी मिनिटभर तसाच बसलो. आठ महिने हे माझ्यासमोर होतं. मग जोडागणिक मागे गेलो. होल्डरपासून निघालेल्या काळ्या वायरीच्या बुलेट कनेक्टरच्या (गोळीसारखं टोक नळीत दाबून केलेला जोड) अलीकडे ४.२, पलीकडे ०.१. रबरी नळी कापून उघडली तर आतली लोखंडी नळी गंजून भुगा झालेली, आणि पितळी बुलेटवर हिरवी काट. कल्हई गेलेल्या भांड्यात रात्रभर ताक राहिल्यावर जी चढते, अगदी तशी. बुलेट घासून नवा कनेक्टर घातला. आता ०.०७. दिवसा, रात्री, सगळे दिवे आलटून-पालटून एकत्र लावून बघितले. बाण पेटत नाही, टकटक थांबत नाही.

हिरव्या फ्यूजवर १.९ व्होल्ट पडत होते. क्लिपा साफ केल्या, आता ०.०६. फ्यूज बरोबर निघाला, १७/३५चाच. काटा जागचा हलत नाही.

एकच विचारायचं आहे. उजव्या बाजूचे जोड आज चांगले आहेत, पण नळ्या तितक्याच जुन्या. उघडू, की राहू देऊ?

जुना_वायरमन

उघडा. मागचे सगळेच बदला, पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच पडतो. एका वेळी एकच जोड सोडायचा आणि तो बसवल्यावरच पुढचा, म्हणजे वायरींची अदलाबदल होणार नाही. बुलेट आत घालताना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा, अर्धवट बसलेला बुलेट सहा महिन्यांत परत त्रास देतो. जोड बसला की वरून पेट्रोलियम जेली भरा.

तेवढ्यातच इंजिनापासून बॉडीपर्यंतचा विणलेला अर्थ पट्टाही मोजून घ्या. कॉइलची पांढरी वायर काढलेलीच ठेवा, एक टोक इंजिनाच्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मुलीला स्टार्टर फिरवायला सांगा. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते आधी स्वतः बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर तो पट्टा बदला. तो गेला की स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जायला लागतो, आणि ती केबल लाल झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

निळी_बी

०.८ आलं. पट्टा मागवला आहे.